पोटची

९ फेब्रुवारी

दुपारी दुकानात बारक्याचा फोन आला. मी एका आजोबांच्या चष्म्याची काच मशीनवर घासायला लावली होती, त्या आवाजात आधी नीट ऐकूच आलं नाही. "ताई, आईला परत अ‍ॅडमिट केलंय," तो म्हणाला. मी विचारलं, "परत जुलाब?" तर म्हणाला, "या वेळी रक्तही पडतंय."

डायरी नवी आहे, म्हणून कोण कोणाचं ते लिहून ठेवते. बारक्या माझा भाऊ. बाबा एक, आया वेगळ्या. एकतीस वर्षांचा घोडा झालाय, लिफ्ट दुरुस्त करतो, तरी बारक्याच. त्याची आई म्हणजे मावशी. माझी आई गेल्यावर बाबांनी त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा म्हणाले, "हिला आई म्हण." मी "मावशी" म्हणाले आणि तेच राहिलं. बारक्या त्यांना अगं-तुगं करतो, मी पहिल्या दिवसापासून अहो-जाहो. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

संध्याकाळी हॉस्पिटलला जाऊन आले. मावशींना वेगळी खोली दिली आहे. आत जाताना गाऊन आणि हातमोजे, बाहेर पडताना हात साबणानेच धुवायचे. मी सवयीने भिंतीवरच्या जेलच्या बाटलीकडे हात नेला तर नर्स म्हणाल्या, "ते नको. हे जंतू त्याला दाद देत नाहीत. साबण आणि भरपूर पाणी."

मावशी पलंगावर एवढ्याशा दिसत होत्या. डोळे खोल गेलेले. पलंगाला लागूनच पॉटची खुर्ची, कारण दारापर्यंत जाण्याचंही बळ नाही. खोलीत वास होता. मी तोंडाने श्वास घेत उभी राहिले.

"कशाला आलीस दुकान सोडून," त्या म्हणाल्या. हे नेहमीचंच. गेले तर कशाला आलीस, नाही गेले तर बारक्याला दहा वेळा विचारतात, ती का नाही आली. माणसाने करावं तरी काय.

१२ फेब्रुवारी

आज पोटाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावून समजावलं. वयस्कर आहेत, आवाज हळू, कागदावर आतडं काढून दाखवतात.

झालंय असं. डिसेंबरात मावशींना न्यूमोनिया झाला होता. त्यासाठी जोरदार अँटिबायोटिक्स दिली. छातीतले जंतू मेले, पण त्यांच्याबरोबर पोटातलेही मेले. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात म्हणे, आणि ते आपलेच असतात, अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. ते गेले आणि एकच वाईट जात उरली. डॉक्टरांनी तिचं लांबलचक नाव सांगितलं, मला ते धरता आलं नाही.

"म्हणजे सोसायटीतली चांगली माणसं सोडून गेली आणि एका गुंडाने सगळे फ्लॅट बळकावले," बारक्या म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि हा गुंड विष सोडतो. औषध दिलं की दबून बसतो, औषध थांबवलं की परत वर येतो. ही तिसरी खेप आहे. आता मला औषधावर भरवसा नाही."

मग उपाय सांगितला. निरोगी माणसाच्या पोटातले जंतू घेऊन यांच्या पोटात सोडायचे.

"ते काढायचे कसे?" मी विचारलं.

"काढावे लागत नाहीत. रोज सकाळी बाहेर पडतातच."

बारक्याला आधी समजलं. "म्हणजे शी?"

"हो. सगळ्या तपासण्या करून, मिठाच्या पाण्यात मिसळून, गाळून, दुर्बिणीतून आत सोडतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण बरेच लोक याने बरे होतात."

बारक्या लगेच म्हणाला, माझी घ्या. पण गेल्या महिन्यात त्याने दाढ काढली तेव्हा अँटिबायोटिक घेतलं होतं, म्हणून तो बाद. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी," बारक्याच बोलला.

मी म्हटलं, "मी त्यांची पोटची नाही. चालतं का?"

"रक्ताचं नातं लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट चांगलं लागतं."

मी म्हणाले, विचार करून सांगते.

नंतर डॉक्टर मावशींना तपासायला आले तेव्हा मी तिथेच होते. छातीच्या फोटोत वरच्या बाजूला जुना डाग आहे, म्हणून छाती वारंवार धरते, असं म्हणाले. तरुणपणी काही मोठं दुखणं झालं होतं का? मावशी म्हणाल्या, "खोकला होता एकदा. बरेच दिवस." माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. मला तर त्या कधी खोकताना आठवत नाहीत. पण मी घरी होते कुठे.

१३ फेब्रुवारी

खोटं कशाला लिहू. काल घरी येताना बसमध्ये मनात आलं की नाही म्हणून टाकावं. नियमात बसत नाही असं सांगितलं की झालं, कोण विचारायला येणार आहे.

अकरा वर्षांची असताना मला होस्टेलला टाकलं. सकाळी उठले तर ट्रंक भरून तयार. मावशी आतल्या खोलीत होत्या, दार लोटलेलं. बाहेरही आल्या नाहीत. मी दाराशी जाऊन "येते" म्हणाले, तर आतून आवाज आला, "आत येऊ नकोस." बस, एवढंच. पहिल्या वर्षी तर सुट्टीतही मला घरी आणलं नाही, बाबा एकटेच भेटायला यायचे. शाळा संपेपर्यंत मी तिथेच राहिले. पुढे सुट्टीत घरी गेले तर पाळण्यात बारक्या होता आणि माझ्या पलंगावर त्याच्या लंगोटांची चळत.

बारक्यावर मात्र कधी राग आला नाही. त्याने माझं बोट धरलं आणि सोडलंच नाही.

आज त्याला फोन करून नाही म्हणायचं पक्कं केलं होतं. फोन लावला आणि म्हणाले, तपासण्या कधी करायच्या ते विचारून ठेव.

१६ फेब्रुवारी

मालकांना "घरचं काम आहे" सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली. खरं सांगायची सोय आहे का.

हाताला सुई टोचून किती बाटल्या रक्त काढलं त्याला गणतीच नाही. मग एक तरुण डॉक्टरीण समोर बसली आणि प्रश्न विचारायला लागली. परदेशी प्रवास? गोंदवून घेतलंय का? दारू, सिगारेट? पोट साफ होतं का, रोज होतं का, कसं होतं? गेल्या सहा महिन्यांत नवीन जोडीदार?

"जुनाही नाही," मी म्हणाले.

ती हसली नाही, नुसती कागदावर खूण केली. मग झाकणाची डबी हातात दिली.

मावशींकडे डोकावले. झोपल्या होत्या. दोन्ही हात पोटावर, जणू कुणी ते उचलून नेईल. उठवलं नाही.

२१ फेब्रुवारी

सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "तुमचं पोट फार छान आहे." चव्वेचाळीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं मनापासून चांगलं बोललं नव्हतं, आणि बोललं ते हे. दिवसभर तेच आठवून हसू येत होतं.

गेल्या आठवड्यापासून बाहेरचं काही खाल्लेलं नाही. पाणी उकळून पिते. दुकानाशेजारच्या टपरीवर मालकांनी चहाबरोबर तळलेलं मागवलं तर मी नको म्हटलं. ते म्हणाले, "डाएट का?" मी म्हटलं, हो. उगीच आत्ता पोट बिघडलं तर सगळ्या सुट्ट्या फुकट जातील, दुसरं काही नाही.

२२ फेब्रुवारी

आज बारक्याने मावशींना सांगितलं की कोण देणार आहे. मी तेव्हा दाराबाहेर गाऊनच्या नाड्या बांधत होते. आतून त्यांचा आवाज आला, "तिचं नको."

बारक्या म्हणाला, "अगं, पण का?"

"नको म्हणजे नको. दुसरं कुणाचंही बघा."

मी नाड्या सोडल्या, गाऊन पिंपात टाकला, साबणाने हात धुतले. आत गेलेच नव्हते तरी धुतले. आणि घरी आले.

म्हणजे माझी घाणसुद्धा चालत नाही. मरणाच्या दारात आहेत, तरी नाक वर.

२३ फेब्रुवारी

सकाळी बारक्या दुकानात आला, कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. मावशींचं पोट फुगायला लागलंय. सर्जन येऊन बघून गेले. आणखी वाढलं तर मोठं आतडं काढून टाकावं लागेल, आणि त्यांच्या या तब्येतीत त्या टेबलावरून उठतील याची खात्री कुणी देत नाही.

"दुसरा माणूस शोधायचा तर तपासण्यांतच वेळ जाईल," तो म्हणाला. "ताई, तू बोल तिच्याशी."

"मी? मी बोलले तर ऐकतील?"

"तुझंच ऐकेल," तो म्हणाला. हा मुलगा कधीकधी काहीही बोलतो.

२४ फेब्रुवारी

सगळं जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी गेले तेव्हा बारक्या नुकताच औषधं आणायला खाली उतरला होता. मावशी जाग्या होत्या. सलाइन चालू होतं, ओठ फुटलेले. मी ओल्या कापसाने ओठ पुसले. पुसू दिले.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "तुम्हाला माझं नको, हे मी ऐकलंय. पण दुसरं कुणी शोधायला वेळ नाही. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल."

"सांगितलं."

"मग?"

त्यांनी चादरीची कड बोटांत धरली. मग म्हणाल्या, "तुझ्याकडून काही घ्यायला मला तोंड नाही."

मला वाटलं, तापात बोलताहेत. खुर्ची ओढून बसले.

"तुला होस्टेलला का पाठवलं, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला मी नको होते."

"मला टीबी झाला होता. थुंकीत जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले, घरात लहान मूल आहे, तिला आधी दूर ठेवा. तुझ्या बाबांनी मला बजावलं, कुणाजवळ बोलायचं नाही. लोक दारात उभे राहणार नाहीत म्हणाले. तुलाही सांगायचं नाही, पोर शाळेत बोलून जाईल. तू निघालीस तेव्हा मी आत होते ते त्यासाठी. तू दार ढकलशील म्हणून ओरडले."

मी हातमोज्याची बोटं ओढत बसले. तेहतीस वर्षं मी ते दार मनात धरून बसले होते आणि त्याच्या पलीकडे हे होतं. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "मावशी, मग हे मला आधी कधी—"

"थांब," त्या म्हणाल्या. "रडू नकोस, अजून संपलं नाही. अर्धंच ऐकून मला चांगलं म्हणू नकोस."

त्यांना दम लागला होता. मी पाणी दिलं. एक घोट घेतला.

"वर्षभरात मी बरी झाले. गोळ्या संपल्या, थुंकी साफ आली. डॉक्टर म्हणाले, आता पोरीला आणा. तुझे बाबा कपडे करून निघाले होते तुला आणायला. मी म्हटलं, राहू दे, तिचं शाळेचं वर्ष मोडेल. वर्षबिर्ष काही नव्हतं. मला घर शांत लागत होतं."

मी त्यांच्या हातातला ग्लास घेऊन बाजूला ठेवला.

"तू असलीस की तुझी आई घरात असायची. मी भांडं कुठे ठेवते ते तू बघायचीस. मी वळले की उचलून परत जुन्या जागी ठेवायचीस. एक शब्द बोलायची नाहीस. मला भीती वाटायची तुझी. एवढ्याशा पोरीची. तू नव्हतीस त्या वर्षात भांडी माझ्या जागी राहिली. म्हटलं, आणखी एक वर्ष. मग हा पोटात राहिला. मग कुणी विषयच काढला नाही."

भांड्यांचं मला आठवलं. खरं आहे. आईचा पितळी डबा त्यांनी खालच्या फळीवर ठेवला होता, आणि मी स्टुलावर चढून तो वर ठेवायचे. रोज.

"म्हणून म्हटलं, तिचं नको," त्या म्हणाल्या. "तू देशील, मला माहीत होतं. पण हे न सांगता कसं घेऊ."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. ती लांब जाईपर्यंत आम्ही दोघी ऐकत बसलो.

मी उठले. "उद्या सकाळी मी येतेय," म्हणाले. "डॉक्टरांना हो सांगते. तुम्ही आता नाही म्हणू नका."

"म्हणजे तू मला—"

"तसं मी काही म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी येतेय, एवढंच म्हटलंय."

त्यांनी मान हलवली. दाराबाहेर आल्यावर बारक्या औषधांची पिशवी घेऊन उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाऊन घ्यायला वळला.

२५ फेब्रुवारी

रोज उठल्याउठल्या होणारी गोष्ट आज होईना. हॉस्पिटलच्या त्या चकचकीत संडासात मी बसले होते आणि बाहेर तीन माणसं माझी वाट बघत होती. नर्स दारातून म्हणाल्या, "घाई नाही हं. निवांत." असं कुणी म्हटलं की संपलंच. बारक्याचा आवाज आला, "ताईला परीक्षेच्या वेळी पण असंच व्हायचं." मी आतून ओरडले, तू खाली जा आधी. शेवटी गरम पाण्याचे दोन ग्लास आणि व्हरांड्यातल्या फेऱ्या, तेव्हा कुठे जमलं.

डबी हातात देताना मान वर करवेना. नर्सनी ती अशी धरली जशी मी दुकानात नवी काच धरते, कडेने, दोन बोटांत. म्हणाल्या, "छान."

दुपारी मावशींना नेलं. मी आणि बारक्या बाहेर बाकावर बसलो. "तुझे भाडेकरू आता आईकडे राहायला जाणार," तो म्हणाला. मी म्हटलं, सामान नीट घेऊन गेले असले म्हणजे मिळवली. दोघं हसलो आणि मग त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायचा तसं. जड झालंय आता ते.

डॉक्टर बाहेर आले. आतडं आतून फार वाईट आहे म्हणाले. सगळीकडे पिवळट चट्टे. "सोडलंय. आता वाट बघायची."

२७ फेब्रुवारी

ताप चढलाय. पोट अजून फुगलेलंच. सर्जन दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा पोट दाबून बघितलं आणि डॉक्टरांशी कोपऱ्यात बोलले. बारक्याने सही करून ठेवली आहे, लागलं तर ऑपरेशन.

मी दुकानात गेले नाही. मनात सारखं एकच, माझ्यातूनच काही वाईट गेलं नसेल ना. इतक्या वर्षांचं आत साठलेलं. डॉक्टरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "रिपोर्टात असलं काही दिसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही काही खाल्लंय का आज?"

मावशी अर्धवट गुंगीत आहेत. मी हात धरला तर बोटं वळली. हातमोज्यातून काय कळणार त्यांना, कुणाचा हात आहे तो.

२ मार्च

दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होते तेव्हा बारक्याचा फोन आला. तो रडत होता. मी काउंटर धरला. मला वाटलं, संपलं.

"ताई," तो म्हणाला, "आज आईला एकदाच झाली. आणि घट्ट."

मी हसले की रडले मला सांगता येणार नाही. गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "काही चांगली बातमी?" मी म्हटलं, हो, घरची आहे.

कालपासून तापही उतरला आहे. पोट मऊ लागतंय. सर्जननी आज दारातूनच हात हलवला, आता आपलं काम नाही म्हणून.

११ मार्च

मावशी घरी गेल्या. भात खातात, केळं खातात, बारक्यावर ओरडतात. मी सोडायला गेले होते, वर गेले नाही.

१९ मार्च

एक गोष्ट कुणाजवळ बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. त्या बऱ्या झाल्या आणि मला राग यायला लागला. आजारी माणसावर रागावता येत नाही. आता येतो. भांडी घासताना येतो, बसमध्ये येतो. टीबीचं मी समजू शकते. एक वर्ष समजू शकते. पण बाबा कपडे करून निघाले होते. ते दाराशी उभे असतील, चपला घातलेल्या. तेवढंच दिसतं मला.

आणि तरी बारक्याने फोन केला की पहिला प्रश्न तोंडातून निघतो, पोट कसं आहे.

तो म्हणतो, ये ना एकदा. मी म्हणते, दुकानात फार काम आहे. काम काही फार नाही.

१८ एप्रिल

दुपारी मालक जेवायला गेले होते. मी एकटीच होते. दार ढकलून मावशी आत आल्या. एकट्या, बसने आलेल्या. दारात जरा थांबल्या, श्वास लागला होता.

"चेहरा आटलाय," त्या म्हणाल्या. "चष्मा नाकावर टिकत नाही. नंबरही बदललाय." डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद पुढे केला.

मी खुर्ची दिली. लहान फ्रेम काढली, कानामागे काड्या गरम करून वाकवल्या, परत घातली, परत काढली. कान गार होते. या कानांना मी आधी कधी हात लावला नव्हता. त्या मुकाट बसून होत्या, आमच्याकडे लहान मुलं बसतात तशा.

मग दोन बुबुळांमधलं अंतर घ्यायचं होतं. त्यासाठी समोरासमोर बसावं लागतं, हातभर अंतरावर, आणि माणसाने आपल्या डोळ्यात बघावं लागतं. मी दिवसातून कितीदा तरी हे करते. पट्टी त्यांच्या भुवयांखाली धरली आणि म्हणाले, "माझ्या या डोळ्याकडे बघा. हलू नका."

त्या बघत राहिल्या. मग तसंच न हलता त्यांनी विचारलं, "त्या वेळी बोलावलं असतं, तर आली असतीस?"

मी पट्टीवरचा आकडा वाचत होते. तो वाचता येईना.

"धावत आले असते," मी म्हणाले.

त्यांनी नजर काढली नाही. मी हलू नका म्हटलं होतं म्हणून असेल. डोळे भरून आले, वाहिले, तरी त्या माझ्याकडेच बघत राहिल्या, आणि मीही पट्टी खाली घेतली नाही. आकडा लिहायचा राहूनच गेला. पुसायला कापड दिलं, डोळे कोरडे होऊ दिले आणि अंतर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.